घरी बनवलेला ग्रेडर: मुरमाची वाट, अंगण आणि आपापले उद्योग (अनुभव सांगा)

सिमरोलची वाट
नमस्कार मंडळी. आमचं घर इंदूरबाहेर खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून १८० फूट आत, मुरमाची वाट. गेली सहा वर्षं माझा एकच कार्यक्रम, गणपती गेले की दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा, जेसीबीवाल्याला बोलवायचं, तो बादलीच्या पाठीनं थोपटून जातो, दिवाळीला वाट झकास दिसते आणि पुढच्या आषाढात तेच खड्डे त्याच जागी. त्याच जागी हां, वीतभर इकडे-तिकडे नाही. यंदा बायको म्हणाली, एवढ्या पैशात तर सोफा आला असता, म्हणून ठरवलं की आपणच ओढायचं ग्रेडर बनवू, म्हणजे ट्रॅक्टरमागं ओढून वाट तासायची लोखंडी चौकट.

लोहामंडीतून ४ इंची सी-चॅनल घेतलं, ५-५ फुटांचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना घसरपट्टी म्हणून उभे, मधे ४ फूट अंतर, आणि त्यात पातं म्हणून ६५ बाय ६५ मिलिमीटरचे दोन अँगल आडवे, दोन्ही तिरपे, म्हणजे डावं टोक उजव्याच्या फूटभर पुढे. चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, अँगल पावणेसहा, सगळं मिळून पंचेचाळीस किलो भरलं. वर दोन सिमेंटचे ठोकळे बांधले, शेजारच्या दादांच्या ट्रॅक्टरला साखळीनं जोडलं आणि ओढलं.

झालं काय तर वाटेवर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा उठल्या. आधी निदान खड्डे मोजता यायचे. कुणी असलं काही बनवलंय का? चुका पण सांगा, त्याच जास्त कामाच्या.

जुना फिटर
आधी सांगा साखळी किती लांब होती आणि ट्रॅक्टर कुठल्या गियरला. मी न बघता सांगतो, साखळी आखूड आणि गाडी पळवली असणार. आखूड साखळी वरच्या दिशेनं ओढते, त्यामुळे ग्रेडरचं तोंड उचललं जातं, मग आपटतं, मग परत उचललं जातं, त्याच तुमच्या लाटा. साखळी लांब केली की ओढ आडवी होते, तोंड खाली बसतं आणि पातं कापायला लागतं. जास्त कापायला लागलं तर दोन कड्या कमी करा. बस, हाच तुमचा कंट्रोल, दुसरं लीव्हर-बिव्हर काही नको. आणि चालवायचं माणसाच्या चालीनं, त्याहून जोरात नाही.

दुसरं म्हणजे घसरपट्टीची लांबी. ५ फूट कमी आहे. पट्टी लांब असली की ती दोन उंचवट्यांवर टेकून खड्ड्यावरून पार होते, त्यात उतरत नाही, त्यामुळे पातं उंचवटा तासतं आणि तोच माल खड्ड्यात सोडतं. पट्टी आखूड असली की अख्खं यंत्र खड्ड्यात उतरतं आणि वाटेचा जसा आकार आहे तसाच पुन्हा कोरतं. माझं ७ फुटी आहे. पीथमपूरला तीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढली आहेत, वजन वाढवायचा मोह मला पण झाला होता, पण वजनानं नुसतं दाबलं जातं, कापत नाही.

सिमरोलची वाट
काका, साखळी ४ फूट, गियर तिसरा 🙈

काळी माती
तुम्ही ओढलं कधी ते पण सांगा. मे महिन्यात ना? मग काय होणार. आम्ही सांवेरकडे, शेती आहे, आजोबा वऱ्हाडातनं आले तेव्हा सोबत मैंद घेऊन आले होते, सागाची जाड फळी, बैलांमागं ओढायची, इथले लोक त्यालाच पाटा म्हणतात. तर शेतात मैंद फिरवायचा तो वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, हे कुणालाही माहीत आहे, पण घरासमोरच्या वाटेला वाफसा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. कोरडा मुरूम दगडासारखा होतो, पातं वरून घसरतं, निघाला तर नुसता भुगा निघतो आणि वाऱ्यावर जातो. चिखल असेल तर सगळं पात्याला चिकटतं, आणि खाली आपली मालव्याची काळी माती असेल तर बघायलाच नको, ट्रॅक्टरचं चाक तिथं रुतलं की वरचा मुरूम खाली आणि खालची माती वर. पाऊस पडून गेल्यावर एखादं-दोन दिवसांनी, मूठ दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, तेव्हा ओढा. त्या दोन दिवसांत लग्नाला जायचं असेल तर लग्न सोडा.

खड्डा त्याच जागी का येतो त्याचं पण कारण आहे. जेसीबीवाला खड्ड्यात सुटा माल भरतो, पण खड्ड्याचा तळ वाटीसारखा कडक तसाच असतो. त्या वाटीत पाणी साचतं, वरचं मऊ होतं, चाक पडलं की माल उडून बाहेर. खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडून सगळं मोकळं करून मगच सपाट करायचं. मी पुढच्या अँगलला जुन्या कल्टिवेटरचे पाच फाळ बोल्टनं लावलेत, पहिल्या फेरीला फाळ, मग काढून टाकायचे आणि पातं.

राऊवाला
आम्ही चौघं मित्र, एक जीप आणि भरपूर अक्कल. कुणीतरी सांगितलं रेल्वेच्या रुळाचा तुकडा ओढला की काम फत्ते, वजन पण आहे, धार पण आहे. एका भंगारवाल्याकडे मिळाला पण, सहा फुटी, भाव ठरला, जीपला बांधणार तेवढ्यात आमच्यातल्या वकिलानं विचारलं पावती? भंगारवाला हसला. मग वकिलानं तिथंच उभ्या उभ्या १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा सांगितला, चोरीचा रूळ नुसता जवळ सापडला तरी पाच वर्षांपर्यंतची सोय होऊ शकते म्हणे. रूळ तिथंच ठेवला आणि छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन पोहे खाल्ले. लिलावातला पावतीसकट मिळाला तर घ्या, नाहीतर दोन चॅनल समोरासमोर जोडून बॉक्स करा, काम तेच होतं.

जुना फिटर
वकील मित्राला माझा नमस्कार सांगा.

पात्याचं राहिलंच. साधा अँगल दोन सीझनमध्ये गोल होतो, मुरूम म्हणजे आपल्या मालव्यातला काळा दगडच की, कुजलेला, तो लोखंड खातो. लोक ट्रकच्या कमानीचा पाटा आणून सरळ वेल्डिंग मारतात. नका मारू. ते स्प्रिंगचं पोलाद, वेल्डिंगशेजारी कडक होऊन काचेसारखं तडकतं, मी स्वतः केलं होतं, पहिल्याच दगडाला टॅक् करून अर्धा पाटा वाटेवर. बोल्टनं लावा. भोक पाडताना ड्रिल जळेल, म्हणून तेवढी जागा लालभडक तापवून राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्या, सकाळी लोण्यासारखं भोक पडतं. बोल्टची डोकी पात्याच्या तोंडाशी बुडवून बसवा, नाहीतर तीच झिजतात आणि मग पाना बसत नाही. बोल्ट सियागंजात कुठेही मिळतील.

वाड्यातली
तुमच्या सगळ्यांकडे ट्रॅक्टर, जीप. आमच्याकडे सासऱ्यांची जुनी मारुती आणि एक लोखंडी खाट. देवास रोडला प्लॉट आहे, पुढं ४० बाय ३० चं अंगण, त्यात बारीक गिट्टी आणि चुरी, म्हणजे दगडाचा भुगा. खाट उलटी केली, पाय कापले, दोन्ही टोकांच्या अँगलच्या मधे आणखी एक अँगल वेल्डरकडून तिरपा लावून घेतला, मागं तारेची जाळी बांधली म्हणजे फिनिशिंग. खर्च वेल्डरचे चारशे आणि चहा. गंमत म्हणजे चालतं हो! खड्डे नव्हतेच म्हणा, नुसत्या गाडीच्या चाकोऱ्या होत्या, पण दहा मिनिटांत अंगण असं दिसतं की रांगोळी काढावी.

फक्त एक. पहिल्या दिवशी वजन म्हणून सासरेबुवा खाटेवर बसले, हौसेनं, टोपी घालून, आणि मी क्लच सोडला. फार काही झालं नाही, कोपर खरचटलं, पण पुढच्या बाजूनं पडले असते तर पातं वरून गेलं असतं. पोरांना तर अजिबात बसवू नका, ती लगेच चढतात. आता वाळूच्या दोन गोण्या.

काळी माती
ताई, आम्ही लहानपणी मैंदावर बसूनच मोठे झालो, पण बैल थांब म्हटलं की थांबायचे.

बडोदेकर भाचा
माझं बालपण इंदूरचं, आता बडोद्यात, मामा सांवेरलाच असतात (काळी माती, ओळखलं का 😄). इथं शेतात फळी ओढतात तिला समार म्हणतात. आमच्या फार्मवर गोराडू माती, रेताड, तिथं ग्रेडर लोण्यातून जावा तसा जातो आणि आठवड्यात परत सगळं विस्कटलेलं. मला वाटायचं यंत्रात खोट आहे. खोट मालात होती, मी हौसेनं नदीतली गोल गोटी टाकली होती, दिसायला सुंदर, पण गोल दगड एकमेकांत अडकतच नाहीत, चाकाखाली गोळ्यांसारखे पळतात. फोडलेली कोनदार गिट्टी, तिच्यात चुरी आणि थोडी चिकण माती बांधणीला, पाणी मारून रोलर, मग दोन पावसाळे टिकलं. तुमच्याकडे नर्मदेची गोटी टाकणारे बरेच आहेत, त्यांनी कितीही भारी ग्रेडर बनवला तरी फुकट.

राऊवाला
सगळे सपाट सपाट करताय, पण सपाट वाट हाच तर प्रॉब्लेम आहे ना भिया? आम्ही शेवटी केलं काय की मधे पाठ ठेवली, कासवासारखी. १२ फुटी वाट असेल तर मध्यापासून कडेपर्यंत ६ फुटांत ३ इंच उतार. तिरप्या पात्याचा खरा उपयोग तोच, माल एका बाजूला सरकतो, तर जाताना डावी कड धरून माल मधे आणायचा, वळून येताना पुन्हा डावीच कड धरायची, ती आता पलीकडची. चार-पाच फेऱ्यांत मधे आपोआप पाठ उभी राहते. वर्षानुवर्षं कडेला गवतात जाऊन बसलेला आपलाच मुरूम परत मिळतो, यंदा आम्ही एक ट्रॉली पण विकत घेतली नाही. आणि कडेला नाळी काढा, नाहीतर पाणी जाईल कुठं. शेजाऱ्याच्या गच्चीचा पाईप तुमच्या वाटेवर सुटत असेल तर आधी ते भांडण उरका, ग्रेडर नंतर.

सिमरोलची वाट
हे शेवटचं वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं? तसाच पाईप आहे आमच्याकडे, ज्यांचा ट्रॅक्टर त्यांचाच पाईप, त्यामुळे बोलायची चोरी. मग मीच माझ्या खर्चानं ६ इंची पाईप जोडून पाणी नाळीत सोडलं, त्यांनी चहा पाजला.

आता रिपोर्ट. घसरपट्टीला दोन-दोन फूट जोडले, साखळी ९ फूट, पहिला लो गियर, ठोकळे काढून टाकले. परवा रात्री पाऊस झाला, काल दिवसभर थांबलो, आज सकाळी मूठ दाबून बघितली आणि निघालो. काका, न बाऊन्स होता पातं मुरूम असं सोलत होतं की मी दादांना म्हटलं थांबा, व्हिडिओ काढू द्या. मोठे तीन खड्डे आधी कुदळीनं तळापर्यंत खणले, फाळ नव्हते ना. पाठ दोन इंचच आली, आठ फेऱ्या झाल्या आणि डिझेल दादांचं म्हणून थांबलो. संध्याकाळी चांगली सर आली, छत्री घेऊन वाटेवर उभा होतो, पाणी दोन्ही बाजूंनी उतरत होतं, फक्त फाटकापाशी वळणावर अजून साचतंय, तिथं ट्रॅक्टर फिरत नाही.

वाड्यातली
वळणावर हातानं दाताळं मारा, दुसरा इलाज नाही. आणि दादा, रविवारी तुमचा ग्रेडर मिळेल का? खाटेचा अँगल वाकलाय.

सिमरोलची वाट
खुशाल न्या. फक्त साखळीची पिन तुमची आणा, माझी त्या आठ फेऱ्यांमधे कुठंतरी मुरमात गेली, आता पुढच्या वर्षी पात्याला लागेल तेव्हाच सापडेल.