पॅनलवर बसण्याआधी दोन वर्षं फील्ड हवंच: तुमचं मत काय?

कामोठे_जुना_ऑपरेटर

शेजारच्या मुलाला समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कंत्राटी नोकरी लागली. चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस घर. महिनाभर सिम्युलेटर शिकवला आणि थेट कंट्रोल रूममध्ये पॅनलवर, म्हणजे सगळ्या यंत्रांचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यांसमोर, बसवणार आहेत. एसीतलं काम म्हणून घरचे खूश आहेत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

माझं मत असं, की वेलहेडपासून (विहिरीचं तोंड) फ्लेअरपर्यंत (जास्तीचा गॅस जाळतात ती चिमणी) प्रत्येक लाइन दोन वर्षं पायी फिरल्याशिवाय कुणाच्या हाती पॅनल देऊ नये.

विहिरीतून निव्वळ तेल येत नाही. तेल, पाणी, गॅस आणि वाळू एकत्र येतात आणि सेपरेटर नावाच्या टाकीत त्यांना वेगळं व्हायला जेमतेम काही मिनिटं मिळतात. लेव्हल फार चढली तर तेल गॅसबरोबर कॉम्प्रेसरकडे जातं. फार उतरली तर गॅस तेलाच्या लाइनमधून पुढच्या कमी दाबाच्या व्हेसलमध्ये (टाकीत) घुसतो. हे दुसरं जास्त भयंकर. एका रात्रपाळीत आमच्या पॅनलवर लेव्हल ४८ टक्के होती. मी राउंडला होतो. तेलाच्या कंट्रोल व्हॉल्व्हपाशी आलो तर आवाज बदललेला. रोजची घरघर जाऊन शिट्टीसारखा. सेपरेटरला लावलेला, लेव्हल डोळ्यांनी दाखवणारा ग्लास पाहिला तर तळाला थोडंसं पाणी होतं, बस्स. पॅनलला लेव्हल कळवणाऱ्या ट्रान्समीटरची खालची लाइन वाळूने चोंदली होती. तो आवाज पॅनलवर कुणाला ऐकू येणार होता?

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या स्फोटाची आठवण करा. २३ मार्च २००५, १५ माणसं गेली. ती रिफायनरी होती, पण रोग हाच. टॉवरमध्ये द्रव १५० फुटांच्या वर गेला होता आणि पॅनलवरची लेव्हल १० फुटांच्या आत, तीही उतरताना दिसत होती.

कोपरखैरणे_इन्स्ट्रुमेंट

दादा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. टेक्सास सिटीच्या टॉवरलाही ग्लास होता. तो इतका मळला होता की आत काही दिसत नव्हतं. हाय लेव्हलचा वेगळा अलार्म होता, तो वाजलाच नाही. म्हणजे दोष देखभालीचा. फील्डमध्ये चार माणसं जास्त फिरवून तो सुटला नसता.

आणि ग्लास नेहमी खरं सांगतो हेही मानू नका. खालचं कनेक्शन पाण्यात आणि वरचं गॅसमध्ये असेल, तर मधला तेलाचा थर ग्लासमध्ये येतच नाही. ग्लासमध्ये फक्त पाणी उभं राहतं, तेही आतल्या तेलाच्या पातळीपेक्षा खाली. बघणारा म्हणतो लेव्हल कमी आहे! मी अठरा वर्षं हेच काम करतोय. लो लेव्हलच्या ट्रिपसाठी (लेव्हल फार उतरली की आपोआप बंद करण्यासाठी) वेगळा, स्वतःच्या कनेक्शनवरचा ट्रान्समीटर लावा आणि तो बायपासवर, म्हणजे निकामी करून, ठेवू नका. तुमच्या त्या रात्री तसा असता तर शटडाउन व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला असता.

शिवाय माणूस जितका यंत्राजवळ, तितका धोक्याजवळ. २७ जुलै २००५ ला मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर जहाज राइझरला (समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपला) धडकलं आणि आग लागली, तेव्हा त्या सगळ्या परिसरात मिळून ३८४ लोक होते. २२ गेले.

उरण_नाका

आम्ही तर पाइपलाइन जिथे किनाऱ्याला लागते तिथेच राहतो. सप्टेंबर २०१९ मध्ये इथल्या प्लांटला आग लागली आणि ४ जण गेले, त्यात आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे जवान होते. माणसं कमी ठेवा म्हणणं सोपं आहे. काही झालं की आत कुणाला तरी जावंच लागतं. जाणाऱ्याला कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे अंधारातही माहीत हवं. दादांशी सहमत.

नेरूळ_पॅनल

काका, मी किनाऱ्यावरच्या एका प्लांटमध्ये चार वर्षं पॅनलवर आहे. आवाज ऐकू येत नाही हे खरं, पण ट्रेंड, म्हणजे आकड्यांचा आलेख, दिसतो. चालू सेपरेटरची लेव्हल कधीच स्थिर नसते. विहिरींमधून स्लग (द्रवाचे एकदम येणारे लोट) येतात, रेघ सतत थरथरते. ४८ वर सरळ रेघ दिसली की मी आधी फील्डला फोन करते. हेही कसबच आहे, आणि ते पॅनलवर बसूनच येतं.

दुसरं मनापासून सांगते. मी फील्ड मागितलं होतं. दिवसाचे राउंड दिले, रात्रीचे नाही, मुलगी आहे म्हणून. उद्या तुमचा दोन वर्षांचा नियम झाला तर आमच्यासारख्यांना पॅनलही मिळणार नाही. आधी रात्रीचा राउंड सगळ्यांना द्या, मग नियम करा.

कामोठे_जुना_ऑपरेटर

ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. तो रास्त आहे. आमच्या त्या रात्रीच्या ट्रेंडवरही सरळ रेघच होती, नंतर पाहिली. तुमच्यासारखं कुणी पॅनलवर असतं तर मी पोहोचण्याआधी फोन आला असता.

वर्षांचा हट्ट सोडतो, कामांचा सोडत नाही. ग्लास स्वतः ब्लो करून (रिकामा करून) परत भरलेला पाहणे, ट्राय कॉक (टाकीवरच्या वेगवेगळ्या उंचीच्या तोट्या) उघडून तेल-पाण्याची सीमा हाताने शोधणे, दुरुस्तीसाठी बंद केलेल्या लाइनचा प्रत्येक व्हॉल्व्ह टॅगसकट मोजणे. हे रात्रीसुद्धा करून दाखवावं, मुलगा असो वा मुलगी. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं हलकं तेल) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, रात्रपाळीला ते कळलं नाही आणि पंप चालू केला. १६७ माणसं गेली.

कोपरखैरणे_इन्स्ट्रुमेंट

कामांची यादी मान्य. पायपर अल्फा मात्र तुमच्या बाजूने नको. व्हॉल्व्ह काढलेली जागा पंपापासून वर, यंत्रांच्या गर्दीत होती. पंपाशेजारी उभ्या माणसालाही ती सहज दिसली नसती. तिथे परमिटचा (दुरुस्तीच्या परवानगीचा) कागद आणि शिफ्टचा निरोप चुकला. म्हणून तुमच्या यादीत हँडओव्हर (पाळी सोपवणं) पहिला घाला. दोन्ही पाळ्यांनी समोरासमोर, उघडी परमिटं हातात घेऊन.

कामोठे_जुना_ऑपरेटर

घातला. शेजारचा मुलगा मंगळवारी जुहूहून हेलिकॉप्टरने जातोय. ही यादी आज रात्रीच त्याच्या वहीत लिहून देतो.