मदत हवी आहे: तोंडात गेलं तरी चालेल असं खेळायचं पीठ कसं करायचं? (मिठाचं नको)

राजारामपुरीची मावशी

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत घरातच माझं छोटं पाळणाघर आहे. पाच पोरं. सगळ्यात धाकटं १४ महिन्यांचं, थोरली साडेतीन वर्षांची.

बेंदूर झाल्यापासून या पोरांनी बैलांचा धोशा लावलाय. कुंभाराकडनं आणलेली मातीची जोडी मी पुजली, ती त्यांनी बघितली, आणि आता प्रत्येकाला आपल्या हातानं बैल करायचाय. माती द्यायला माझी ना नाही, पण धाकटी दोघं हाताला लागेल ते आधी तोंडात घालतात, मग बघतात काय आहे ते.

म्हणून गेल्या आठवड्यात व्हिडिओ बघून पीठ मळलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी. सगळं स्वयंपाकघरातलंच, त्यामुळं काळजी नाही, असं त्यात सांगितलं होतं. खारट लागलं की पोरं थुंकतील, असं मलाही वाटलं. धाकट्यानं थुंकलं नाही. सुपारीएवढं गिळलं आणि दुसरा घास घेताना मी हात धरला. थोड्या वेळानं उलटी. डॉक्टरांनी लगेच घेऊन यायला सांगितलं, तपासलं, संध्याकाळपर्यंत पोर पुन्हा खेळायला लागलं. पण त्याच्या आईचा चेहरा आठवला की अजून पोटात कालवतं.

रात्री हिशेब मांडला. त्या गोळ्यात वजनानं एक तृतीयांशाहून जास्त मीठच होतं. म्हणजे १० ग्रॅमच्या गोळीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास. १ ते ३ वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते. हे आधी का नाही बघितलं, असं आता म्हणून काय उपयोग.

नंतर बिनमिठाची कणीक करून बघितली. या हवेत दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी झाकणाखाली बुरशी. त्यात एकीनं सांगितलं, कच्चं पीठ पोटात जाणंही बरं नाही. मग करायचं तरी काय? रंग कुठले घालू? आणि सासूबाईंचं वेगळंच, ‘अन्नाशी खेळ कसला शिकवतीस?’ त्यांनाही काहीतरी उत्तर द्यायचंय.

उकडवाली

मावशी, मोदकाची उकड द्या की! एक वाटी पाणी उकळायचं, त्यात चमचाभर तेल, मग एक वाटी तांदळाची पिठी, ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ. मीठ अजिबात नाही. कोमट असताना तेलाचा हात लावून चांगली मळा. भेगा पडायला लागल्या की ओल्या हातानं परत मळायची. ताणली जाणारी हवी असेल तर एक वाटी मैद्याला एक वाटी पाणी आणि थोडं तेल घालून कढईत कडा सुटेपर्यंत हलवा. गव्हाची ॲलर्जी असलेलं पोर असेल तर मात्र उकडच बरी.

दुधाळीकर

ताई, लई टेन्शन घेताय. आम्ही शाडू खाऊन मोठे झालो, काय झालं?

राजारामपुरीची मावशी

तुम्ही तुमच्या आईचे होता, भाऊ. ही पोरं दुसऱ्याच्या आयांची आहेत.

डब्यात काय आहे

मी अन्नतंत्रज्ञान शिकलोय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. कच्च्या पिठाबद्दल सांगणारी बरोबर आहे. गहू शेतातनं गिरणीत येतो, मध्ये जंतू मरतील असं काहीच घडत नाही. ई. कोलाय, साल्मोनेला पिठात असू शकतात. कढईत कोरडं भाजलं की झालं, असंही नाही. कोरड्या पिठात जंतू उष्णतेला जास्त चिवटपणे टिकतात आणि घरी सगळीकडं सारखी उष्णता पोचत नाही. पाणी घालून शिजवणं हाच खरा उपाय, म्हणून उकड चांगली.

पण उकडीचीही एक गोम आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. शिजवलेला भात किंवा उकड तासन्‌तास बाहेर राहिली की ते वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार होतं, ते परत गरम करूनही जात नाही. तेव्हा सकाळी करा, तास-दीड तास खेळवा, उरलेलं टाका. पाच पोरांनी चोखलेला गोळा फ्रीजमध्ये ठेवूच नका. टिकणारं पीठ हवं हा हट्ट सोडला की मिठाची गरजच संपते. मीठ ते टिकवायलाच तर घालतात.

आणि गोळा मऊ असला तरी घशात चिकटू शकतो. धाकट्यांना चपटा करून द्या आणि शेजारून उठू नका.

आजऱ्याची

बैलाच्या रंगाला नाचणी! नाचणीचं पीठ पाण्यात कालवून आंबिलासारखं शिजवायचं, घट्ट झालं की परातीत ओतायचं. गार झालं की हुबेहूब चिखल. माझं पोर त्यात प्लास्टिकची गाय लोळवतं आणि मधूनच बोट चाटतं.

सासूबाईंसाठी: पावसात सादळलेले चुरमुरे असतीलच ना? कढईत परतून गार करा आणि मिक्सरला बारीक फिरवा. झाली वाळू. सादळलेले चुरमुरे तसेही कोण खाणार होतं? अख्खे चुरमुरे मात्र धाकट्यांना देऊ नका.

प्रश्नचिन्ह

टाकणखार घालून स्लाइम? आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी? मुलं तासभर गप्प बसतात.

डब्यात काय आहे

दोन्ही नको. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात जाता कामा नये. आजीबाईच्या बटव्यात होता म्हणून तो लहान मुलांच्या खेळण्यात बसत नाही. ते मणी तर घरातच नकोत. गिळले तर आतड्यात फुगून अडकतात आणि साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाहीत.

उकडवाली

रंगाचं राहिलंच. बीट किसून उकळलेलं पाणी, पालकाचं पाणी आणि हळद. हळद सुटी घेऊ नका, तिच्यात भेसळीचा रंग असू शकतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होईल, घाबरू नका. धुऊन उन्हात टाकला की फिकटतो. (ऊन कधी पडणार ते विचारू नका.) आणि बीट वापरलंत तर आयांना आधी सांगून ठेवा. लंगोट लाल दिसला की परत फोन येईल तुम्हाला.

राजारामपुरीची मावशी

सगळ्यांचे आभार. आज सकाळी अर्धी उकड पांढरी ठेवली, अर्धीत पीठच नाचणीचं घेतलं. धाकट्याची आई पंधरा मिनिटं दारातच उभी होती. मी तिच्यासमोर एक गोळी खाल्ली, मग ती ऑफिसला गेली.

सासूबाई आधी लांबनं बघत होत्या. पोरांचे बैल बसकेच होतायत म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. खाली बसल्या, आणि वशिंडासकट असा बैल केला की मीही बघत राहिले. धाकट्यानं त्याची दोन्ही शिंगं खाल्ली. आता थोरली म्हणतीया, ही म्हैस आहे, आणि म्हशीला शिंगं का नाहीत ते मला विचारतीया.