अनुभव धागा: शास्त्रवाचन, तरुण संघ आणि मंडळीची सेवा

जय ख्रिस्त. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ४:१२ बहुतेक तरुण संघांच्या बॅनरवर असतं. तुझ्या तारुण्याला कोणी कमी लेखू नये, हे आपल्याला पाठ. त्याला लागूनच तेरावं वचन आहे आणि त्यात पौल कामच नेमून देतो: वाचन, बोध, शिक्षण. हा धागा त्या तेराव्या वचनासाठी आहे. साक्ष आपण संगतीत देतोच; इथे ज्याच्या हाती जे काम आहे ते नीट कसं करायचं, कुठे बिघडतं आणि का, तेवढंच लिहावं.

शास्त्रपाठ वाचणारी, पुणे

वाचन सोमवारी मागून घ्यावं. रविवारी सकाळी हातात चिठ्ठी मिळाली की जे होतं ते वाचन नसतं. पुलपिटवर जी आवृत्ती ठेवलेली असते तिच्यातूनच घरी सराव करावा. मोबाइलवरचं भाषांतर वेगळं असतं, शब्द बदलतात आणि ऐन वेळी जीभ अडखळते. स्क्रीन बंद पडण्याची भीती असते ती वेगळीच.

पेन्सिलीने तीन खुणा पुरतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ. नेमका कोणता शब्द उचलायचा त्याखाली आडवी रेघ. आणि अवघड नावाचे तुकडे: न-बु-खद्-नेस्-सर, अ-हश्-वे-रोश, मल-की-स-देक. नाव अडलं तर माफी मागू नये, मागे जाऊ नये. एका दमात म्हणून पुढे सरकावं. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला प्रेषितांची कृत्ये २ मधली पार्थी, मेदी, एलामी ही यादी येते. ती उरकून टाकू नका. इतक्या देशांच्या लोकांनी आपापल्या भाषेत ऐकलं, हाच त्या उताऱ्याचा मुद्दा आहे.

उभं राहिल्यावर पुस्तक, अध्याय, वचनं दोनदा सांगायची आणि पानांचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं. आजींना यशया सापडायला वेळ लागतो, तो द्यावा. मधले मथळे वाचायचे नाहीत, ते मूळ शास्त्राचा भाग नाहीत. उतारा ‘मग तो म्हणाला’ असा सुरू होत असेल तर ‘तो’ कोण, हे आधी एका वाक्यात सांगावं. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत.

यशया ५३ ची बारा वचनं आणि पौलाच्या पत्रातली बारा वचनं एका चालीत वाचता येत नाहीत. यशयात ओळीनंतर थांबावं लागतं. पत्रात विचार पूर्ण झाल्याशिवाय थांबलं तर अर्थच तुटतो.

रोजच्या वाचनाबद्दल, नागपूर

जानेवारीत उत्साहाने उत्पत्ती सुरू होतं आणि फेब्रुवारीत पुस्तक मिटतं. बहुतेक जण कुठे अडकतात तेही ठरलेलं आहे. निर्गमच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात, मग लेवीयचे २७ अध्याय. उपाय असा की त्या भागासोबत इब्री ९ उघडं ठेवावं. पडदा, रक्त, महायाजक हे सगळं कशासाठी होतं ते तिथे उलगडतं, आणि कंटाळ्याची पानं आधाराची होतात.

हिशेब सोपा आहे. नव्या करारात २६० अध्याय. सोमवार ते शुक्रवार रोज एक, ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. संपूर्ण शास्त्रात ११८९ अध्याय: सहा दिवस तीन-तीन, रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला २३ आणि वर्षाला ११९६. नवख्याने मात्र मार्कपासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय आहेत. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय, तारीख असेल तो अध्याय. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सहा अध्याय रेटू नका, आजच्या तारखेपासून पुढे चला. मागची थकबाकी डोक्यावर घेतली की वाचनाची गोडी जाते.

पाठांतरासाठी स्तोत्र ११९ चांगलं. १७६ वचनं पाहून घाबरायला होतं, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ कडव्यांत बांधलेलं आहे. महिन्याला एक कडवं धरलं तर दोन वर्षांच्या आत पूर्ण होतं.

वसईहून, मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) वाचन करणाऱ्यांसाठी

आमच्याकडे उतारा निवडायचा प्रश्न येत नाही, तो ठरलेला असतो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) व पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढे), शिवाय ब वर्षी सहावा अध्याय सलग काही रविवार. वर्ष आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासून) बदलतं, १ जानेवारीपासून नव्हे. गोंधळ इथेच होतो. सनाला तीनने पूर्ण भाग जात असेल तर ते क वर्ष. २०२५ क होतं, म्हणून २०२६ अ.

शुभवर्तमान फादर किंवा डीकन (फादरच्या खालचे दीक्षित सेवक) वाचतात. आपल्याकडे पहिलं व दुसरं वाचन आणि स्तोत्र. स्तोत्राचं ध्रुपद आपण एकदा स्पष्ट म्हणायचं, मग लोक. ध्रुपद लांब असेल तर तिसऱ्या कडव्यापर्यंत लोक विसरतात, म्हणून प्रत्येक वेळी पहिले दोन शब्द आपणच उचलून द्यावेत.

शब्बाथ शाळेची (मुलांच्या शास्त्रवर्गाची) शिक्षिका, अहिल्यानगर

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना ३५ मिनिटांच्या वर बसवू नका. गीत पाच, गोष्ट बारा, वचन आठ, चित्र किंवा हातकाम दहा मिनिटं. वचन फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी म्हणायचं, मग एक शब्द पुसायचा, पुन्हा म्हणायचं. संदर्भ सर्वांत शेवटी पुसायचा. ‘योहान ३:१६’ हे मुलाला वचनाइतकंच पक्कं हवं, नाहीतर मोठेपणी वचन आठवतं पण शास्त्रात सापडत नाही.

गोष्ट सांगण्याआधी उतारा स्वतः पुन्हा वाचा, नाटकातून ऐकलेली सांगू नका. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक (ज्ञानी) तीन होते असं मत्तयात कुठेही नाही. देणग्या तीन आहेत, आणि २:११ प्रमाणे ते घरात आले, गोठ्यात नव्हे. नाताळच्या नाटकात काय करायचं ते कमिटीने ठरवावं, वर्गात मात्र शास्त्रात आहे तेच सांगावं.

पेटी वाजवणारा, मिरज

पट्टी निवडताना गाणाऱ्याचा गळा पाहू नका, मंडळीचा पाहा. गीतातला सर्वांत वरचा सूर आधी गाऊन बघा. तिथे मागच्या बाकावरचे लोक गप्प होणार असतील तर पट्टी खाली आणा. हे शनिवारीच ठरवा, कारण तबला त्या सुराला लावलेला असतो. ऐन वेळी पेटीने पट्टी बदलली की तबला बेसूर होतो.

ना. वा. टिळकांचे अभंग कीबोर्डवर घेताना कॉर्डची गर्दी नको. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांचा तो अभंग शब्दांवर चालतो. शेवटच्या चार अक्षरांनंतरचा विराम रिकामाच ठेवा, तिथे लोकांना श्वास घ्यायचा असतो.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सात उद्गारांविषयी, म्हणजे येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात वाक्यांविषयी, मुंबई

दुपारी बारा ते तीन, म्हणजे १८० मिनिटं. तरुण संघाकडे उद्गार आले तर प्रत्येकाला बारा मिनिटं, एक मिनिटही वर नाही. सात जणांची ८४ होतात. गीतं, प्रार्थना, वाचनं आणि शांत वेळ यांत बाकीचा वेळ भरतो. पहिला, दुसरा आणि सातवा उद्गार लूक २३ मध्ये, तिसरा, पाचवा आणि सहावा योहान १९ मध्ये, चौथा मत्तय २७:४६ मध्ये. तयारीला सगळ्यांनी एकत्र बसलंच पाहिजे, नाहीतर पहिलाच वक्ता वधस्तंभाची सगळी कथा सांगून मोकळा होतो आणि पाचव्याच्या वाट्याला काही उरत नाही. चौथा उद्गार ज्याच्याकडे असेल त्याने स्तोत्र २२ ची ३१ वचनं संपूर्ण वाचावीत. पहिल्या वचनावर थांबलात तर शेवटची स्तुती हातून निसटते.

आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांसाठी, जालना

दोघांनी जावं, चौघांनी नको. आधी घरच्यांना विचारून वेळ घ्यावी. पंधरा मिनिटांत उठावं. स्तोत्र २३ किंवा १२१ पुरेसं आहे. सहा आणि आठ वचनं. पेशंटला वाचायला लावू नका. तुम्ही सावकाश वाचा, ते बरोबर ओठ हलवत असतील तर त्यांच्या गतीने चला. प्रार्थना कशासाठी करू, हे त्यांनाच विचारा. ‘लवकर बरे व्हा’ हेच प्रत्येकाच्या मनात असतं असं नाही. औषधांचे सल्ले, दुसऱ्या पेशंटच्या हकिगती, पापाचा उल्लेख, यातलं काहीही तिथे काढू नये. निघताना घरी रात्री थांबायला कोणी आहे का, डबा लागणार आहे का, ते घरच्यांना बाजूला घेऊन विचारा आणि त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांना कळवा.