शब्दचर्चा : दोष, उणीव, बिघाड आणि फरक

एखादं मुक्तस्रोत बिल्ड टूल (लिहिलेल्या कोडपासून वापरायला तयार प्रोग्राम बांधून देणारं साधन) मुळापासून नव्याने लिहिलं जातं, त्याची बीटा, म्हणजे अंतिम होण्याआधी तपासायला दिलेली आवृत्ती येते आणि लोक आपापल्या प्रकल्पांवर ती चालवून बघतात. मग जे जे वेगळं दिसेल त्याला सरसकट 'बग' म्हटलं जातं. मराठीत यासाठी निदान चार शब्द आधीपासून आहेत, बोलण्यात त्यांचे अर्थ अजून वेगळे राहिलेत, आणि बीटा चाचणीत नेमका तोच वेगळेपणा कामाचा आहे असं माझं मत आहे.

'दोष' घडणीतच असतो. फाइलच्या मार्गात मोकळी जागा आली की नवं टूल मार्गाचे दोन तुकडे करतं आणि फाइल सापडत नाही म्हणतं, हा दोष.

'उणीव' म्हणजे जे असायला हवं ते अजून नाही. जुन्या टूलमधला एखादा पर्याय नव्यात लिहायचाच राहिला असेल, तर तो दोष नव्हे. लिहिणाऱ्यांना ते बहुधा माहीतही असतं. तरी कळवावं, कारण कोणती उणीव किती जणांना नडते हे त्यांना बाहेरूनच कळतं. मात्र टूलनं तो पर्याय 'अजून उपलब्ध नाही' असं सांगितलं तरच ती नुसती उणीव. कॉन्फिगरेशनमधली, म्हणजे प्रकल्पाच्या मांडणीच्या फाइलमधली ओळ वाचून मुकाट्यानं सोडून दिली, तर तो दोषच.

'बिघाड' या शब्दात 'आधी ठीक चालत होतं' हे विधान आपसूक येतं. म्हणून बिघाड कळवणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी जास्त: तोच प्रकल्प, तीच आज्ञा, जुन्या आवृत्तीनं काय दिलं आणि नव्या आवृत्तीनं काय दिलं. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक हवा. 'ताजी बीटा' एवढं लिहून भागत नाही, पुढची बीटा आली की ताजी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात घातक बिघाड आवाज न करणारा असतो. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते: शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरं काहीही म्हणजे अपयश. चाचण्या फसल्या, नव्या टूलनं पडद्यावर लाल अक्षरांत ते छापलंसुद्धा, पण मागे शून्य ठेवलं असं समजा. आपोआप बांधणी आणि चाचण्या चालवणारा सर्व्हर लाल अक्षरं वाचत नाही, तो आकडा बघतो आणि फसलेलं काम पुढे पाठवतो. म्हणून बीटा तपासताना मुद्दाम काहीतरी मोडून बघावं. चांगला कोड नीट बांधला जातो एवढं पाहणं ही अर्धीच चाचणी झाली.

'फरक' हा चौथा. दोन्ही निकाल बरोबर, पण सारखे नाहीत: संदेशांचा क्रम बदलला, आटवलेल्या (आकार कमी करायला नावं वगैरे छोटी केलेल्या) कोडमधली चलांची नावं वेगळी आली. यांत खरं-खोटं ठरवण्यासारखं काही नाही, पण नोंद हवी.

आता माझी अडचण. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये 'मेक' हे बिल्ड टूल लिहिलं. मूळ फाइलची वेळ तयार फाइलच्या वेळेनंतरची असेल तर पुन्हा बांधायचं, हा त्याचा नियम. 'बेझल'सारखी नंतरची टूलं वेळ न बघता मजकुराची छाप (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) बघतात. वेळेवर चालणारं एखादं टूल नव्यानं लिहिताना छापेवर आणलं, की फाइलला नुसती नवी वेळ लावून पुन्हा बांधायला भाग पाडण्याची जुनी युक्ती चालेनाशी होते. मजकूर तोच, मग टूल हलत नाही. हा बिघाड म्हणायचा की फरक?

प्रतिसाद :

चार शब्द पटले, पण 'बिघाड'बद्दल शंका आहे. बिघडायला वस्तू तीच लागते. पंखा बिघडतो तेव्हा पंखा तोच असतो. नवं टूल तर कधी चाललेलंच नव्हतं, ते बिघडेल कसं? त्यात असतो तो दोषच.

मूळ लेखक :

आक्षेप योग्य आहे. बिघडतो तो प्रकल्प, टूल नव्हे, असं धरलं तर दोन्ही शब्द टिकतात. वापरणाऱ्याच्या बाजूनं 'माझ्या प्रकल्पात बिघाड झाला', लिहिणाऱ्याच्या बाजूनं 'आमच्या टूलमध्ये दोष आहे'. घटना एकच, जागा दोन. कळवणाऱ्यानं आपल्या जागेवरूनच लिहावं. दोष कुठे आहे ते शोधणं हे पुढचं काम, आणि तो प्रकल्पाच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये निघण्याचीही शक्यता असते.

प्रतिसाद :

'पुनर्लेखन' शब्दाकडेही बघायला हवं. नव्या आराखड्यानं लिहिणं वेगळं आणि आहे तोच आराखडा दुसऱ्या भाषेत नेणं वेगळं. दुसऱ्याला मी 'उतरवणं' म्हणेन, कविता एका भाषेतून दुसरीत उतरवतात तसं. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (कोड तपासून रूपांतरित करणारा प्रोग्राम) गो भाषेत नेत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, ते या अर्थानं उतरवणं आहे: जुन्या कोडची रचना शक्य तितकी राखून. व्हीएस कोड या कोड-संपादकाच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला जुन्याला ७७.८ सेकंद लागत होते, नव्याला ७.५, असे आकडे तेव्हा देण्यात आले.

चाचणी करणाऱ्याला या भेदाचा उपयोग असा: टूल उतरवलेलं असेल तर जुन्या चुकासुद्धा तशाच याव्यात अशी अपेक्षा धरता येते, आणि निकाल वेगळा आला की संशय घ्यायचा. नव्या आराखड्यानं लिहिलेल्या टूलकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणून 'फरक' किती गंभीर हे आधी पुनर्लेखनाचा प्रकार बघून ठरवावं लागेल.

प्रतिसाद :

छोटा प्रश्न. 'बिल्ड' तो, ती की ते? आमच्याकडे 'बिल्ड फुटला' म्हणतात, पण 'बिल्ड लावलीये'ही ऐकलंय. शिवाय 'बांधणी' हा चांगला शब्द असताना बिल्ड का? 'संकलन' मात्र नको, ते कंपाइल करण्यापुरतं ठीक आहे. बिल्डमध्ये संकलन, जोडणी, चाचण्या आणि गठ्ठा बांधणं सगळं येतं.

प्रतिसाद :

आम्ही 'तो'च म्हणतो. 'बांधणी' लिहिताना छान वाटतं, पण 'बांधणी फुटली' असं कोणी म्हणणार नाही, आणि फुटणं तर रोजचं आहे.

वर विचारलेल्या युक्तीसाठी एक शब्द सुचवतो: 'वहिवाट'. जमिनीच्या भाषेत कागदावर नसलेला पण वर्षानुवर्षांच्या वापरानं रूढ झालेला रस्ता. टूलच्या माहितीपत्रकात जे कधी लिहिलं नव्हतं पण लोक ज्यावर विसंबून राहिले, ती वहिवाट. तसं बघता 'मेक'मध्ये वेळेचा नियम लिहिलेलाच आहे, तिथे तो कागदावरचा हक्क, आणि तो मोडला तर बिघाडच. ज्या टूलनं असा नियम कधी कबूल केला नव्हता तिथे ती वहिवाट.

मूळ लेखक :

हा शब्द मी घेतला. उत्तर 'बिघाड की फरक' यापेक्षा वेगळं निघालं याचा आनंद आहे. मुक्तस्रोत टूलमध्ये वहिवाटीचा प्रश्न जास्त येतो, कारण कोड सगळ्यांसमोर उघडा असतो आणि लोक आतल्या, बाहेरच्यांसाठी नसलेल्या गोष्टींवरही प्लगइन (टूलला जोडायचे पूरक प्रोग्राम) उभारतात. पुनर्लेखनात आतलं सगळं बदलतं, तेव्हा आधी तीच प्लगइनं पडतात.

वहिवाट कळवताना 'नवं टूल चुकतंय' असं लिहू नये. असं लिहावं: 'जुन्या आवृत्तीत फाइलची वेळ बदलली की पुन्हा बांधणी होत असे. हे माहितीपत्रकात नाही, पण आमच्या तीन स्क्रिप्ट त्यावर चालतात. ही वहिवाट ठेवणार नसाल तर सक्तीनं बांधण्याचा पर्याय द्या, आणि बदल प्रकाशन-टिपणात नोंदवा.' एवढ्यानं लिहिणाऱ्यांना काय ठरवायचं आहे ते कळतं. बीटा चालू असेपर्यंत ते ठरवणं त्यांना सोपं जातं. अंतिम आवृत्ती बाहेर पडली की नवं वागणंही कोणाची तरी वहिवाट होऊन बसतं.