मदत हवी आहे: टांकसाळीची चूक की नंतरची इजा?

नमस्कार मंडळी, सुट्ट्या पैशांत आलेल्या दोन नाण्यांबद्दल जाणकारांचं मत हवंय. किंमत विचारत नाहीये.

पहिल्याची कड एका जागी चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. पत्र्यातून चकती कापताना पंच आधीच्या भोकावर चढला की असं होतं. मग बरोबर समोरची कडही पुसट हवी, कारण कड उठवताना तिथे दाब कमी पडतो. ती पुसट आहे खरी, पण नाणं मुळातच बरंच झिजलंय. वजनाचा उपयोग नाही; कानशीने घासलं असलं तरी ते कमीच भरणार. आणखी काय तपासू?

दुसऱ्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. भिंगाखाली दुसरा ठसा सपाट, पायरीसारखा आहे, म्हणजे ठोकताना डाय (नाण्यावर छाप उठवणारा साचा) हलली असावी. डायवरच दुहेरी कोरलं गेलं असतं तर दोन्ही ठसे गोलसर, उठावदार असते आणि आकड्यांची टोकं दुभंगलेली दिसली असती. पण शेवटच्या आकड्याचं टोक थोडं दुभंगल्यासारखं वाटतंय, तिथेच अडलोय.

फोटो तिरप्या उजेडात काढून टाकतो. नाणी धुतलेली नाहीत, धुणारही नाही, तेव्हा तो सल्ला राहू द्या!