१,४२,८५७ ला ‘दैवी’ म्हणणाऱ्यांसाठी

दशांश :
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की १,४२,८५७ ही दैवी संख्या आहे. तिला २ ते ६ पर्यंत कशानेही गुणले तरी तेच सहा अंक गोल फिरून येतात आणि ७ ने गुणले की ९,९९,९९९ मिळतात. यात दैव कोठे आले? १ ला ७ ने भागत गेले की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते. सहाही बाक्या येऊन जात असल्यामुळे २/७ काढताना आपण त्याच फेऱ्यात वेगळ्या जागी शिरतो, इतकेच. शिवाय हा डौल दशमान पद्धतीपुरता आहे. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत १/७ चे आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट, ००१ एवढेच उरते. अशा करमणुकीला गणित म्हणू नये.

निवृत्त मास्तर :
‘दैवी’ला माझाही विरोध आहे, परंतु ‘करमणूक’ हा शब्द मागे घ्यावा. देवळालीला शाळेत शिकवत संख्यांचे गुणधर्म शोधणाऱ्या द. रा. कापरेकरांनाही असेच हिणवले गेले आणि १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करा, पुन्हा १४२८५७. अशा संख्येला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्याही, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्याही आहे.

पावकी-निमकी :
मास्तर, कौतुक शाळेबाहेरच चालते. सातवीत मी २२/७ चा भागाकार पाटीभर करत गेले आणि १४२८५७ पुन्हा आल्यावर आनंदाने दाखवायला गेले, तर ‘दोन स्थळांपर्यंत सांगितले होते ना?’ म्हणून पाटी पुसली गेली. आजही ते आठवले की राग येतो.

निवृत्त मास्तर :
साठ मुलांचा वर्ग एकदा सांभाळून पाहा, मग रागवा. एका पाटीसाठी सगळ्या मास्तरांना आरोपी करू नका.

पावकी-निमकी :
साठांपैकी एकीने पाटी पुढे केली होती. तेवढे पाहायला किती वेळ लागला असता?

दशांश :
पाटी राहू द्या. गार्डनर यांनी लिहिले म्हणून मोजणीच्या पायावर (दशमानात दहा, द्विमानात दोन) अवलंबून असलेला गुण स्वयंभू होत नाही.

निवृत्त मास्तर :
मग तीन पाया घेऊन १/७ काढा. ०१०२१२ हे सहा अंकांचे आवर्तन येईल आणि तेही असेच फिरेल. दशमानात ७ प्रमाणे १७, १९, २३ यांच्याही सगळ्या बाक्या येऊन जातात. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे गणिती आर्टिन यांच्या १९२७ च्या अटकळीत गुंतलेले कोडे अजून सुटलेले नाही. वर्गाचेही कारण आहे. १,४२,८५६ म्हणजे ७ गुणिले २०,४०८. त्यामुळे संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा केली की बरोबर ९,९९,९९९ गुणिले २०,४०८ उरतात, आणि म्हणूनच वर्गाच्या दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्येवर येते.

दशांश :
तीन पायाचे गणित करून पाहिले, बरोबर आहे. वर्गाची मांडणी मला सुचली नव्हती, हेही नाइलाजाने मान्य करतो. ‘करमणूक’ मागे घेतो, परंतु हर्षदपुरती नाही. दरम्यान त्या सद्गृहस्थांनी दैवी संख्येचा संदेश आणखी तीन ठिकाणी पाठवला आहे; मास्तर, तिकडे आता तुम्हीच जा.