मिसाला यंदाच इथं खेळवतील की परत सॅगिनॉला धाडतील?

सुनंदा_सनीव्हेल
इथं क्रिकेटचे धागे रोज वर असतात, एक दिवस बर्फावरची हॉकी सहन करा. आमच्या सॅन होजे शार्क्सनं एनएचएलच्या (इथली सगळ्यात वरची हॉकी लीग) २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवी पोरं निवडतात तिथं, दुसऱ्या नंबरवर मायकल मिसाला उचललं, आणि त्या शुक्रवारपासून माझं कामात लक्ष नाही. मीटिंग चालू असते, मी कॅमेरा बंद करून त्यानं सॅगिनॉ या ज्युनियर संघाकडून मारलेले गोल बघत बसते. अठरा वर्षांचं पोर. ओएचएलमध्ये (ऑन्टारियोची ज्युनियर लीग) ६५ सामन्यांत ६२ गोल, ७२ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास. १३४ पॉइंट्स हो! कॅनडाच्या तिन्ही ज्युनियर लीग धरल्या तरी २०२४-२५च्या हंगामात त्याच्या वर कुणी नाही.

आकडे राहू द्या, त्याचं स्केटिंग बघा. समोरच्या संघाच्या भागात शिरायची ब्लू लाइन ओलांडताना बाकीची मुलं जरा थबकतात, अंदाज घेतात. हा तिथंच वेग वाढवतो. समोरचा डिफेन्समन मागे मागे जात राहतो आणि ह्याचा शॉट सुटलेला असतो.

आमची दशा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१९ नंतर प्लेऑफ नाही. २०२३च्या नोव्हेंबरात लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्ले, आधी व्हँकुव्हरकडून, मग पिट्सबर्गकडून. तळाला राहिलो म्हणून २०२४च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर मॅकलिन सेलेब्रिनी मिळाला. त्यानं पदार्पणातच गोल मारला, मग कमरेच्या सांध्याच्या दुखापतीनं बारा सामने बाहेर बसला, तरी ७० सामन्यांत ६३ पॉइंट्स! संघ मात्र पुन्हा शेवटचा. पुन्हा पहिला नंबर मिळेल म्हणून बसलो होतो, तर लॉटरीत दहाव्या जागेवरून येऊन न्यूयॉर्क आयलँडर्सनं तो पळवला. मिसा मिळाला म्हणून ते दुःख मी गिळलं.

तर प्रश्न असा. सेलेब्रिनी, आमचाच दुसरा तरुण खेळाडू विल स्मिथ (नट नव्हे) आणि आता हा, तिघेही मूळचे सेंटर, म्हणजे आघाडीच्या तिघांतले मधले. मिसाला ऑक्टोबरपासून इथंच ठेवतील का? आणि बाराकुडा हा आमचा दुय्यम संघ याच गावात खेळतो, मग त्याला तिकडे का नाही टाकत? नवरा म्हणतो, एक वर्ष कळ काढ. मला कळ निघत नाही.

मिसिसागाकर
ताई, अभिनंदन. पोरगा आमच्या भागातला, जन्म शेजारच्या ओकव्हिलचा. पंधराव्या वर्षी त्याला खास परवानगी देऊन ओएचएलमध्ये घेतलं होतं. ती सहसा कुणाला मिळत नाही. टवारेस, मॅकडेव्हिड वगैरे पुढं नाव काढलेल्या मंडळींना मिळाली होती.

बाराकुडाचं विसरा. २०२५च्या नियमाप्रमाणे कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेला मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत किंवा तिथं चार हंगाम काढेपर्यंत एएचएलमध्ये (बाराकुडा खेळतो ती दुय्यम लीग) पाठवता येत नाही. ज्युनियर लीग आणि एनएचएल यांच्यात तसा करार आहे. मिसाचे तीनच हंगाम झालेत. म्हणजे एक तर थेट एनएचएल, नाही तर परत सॅगिनॉ. २०२५पासून कॉलेजच्या हॉकीचा रस्ताही खुला झालाय, पण तुमच्याशी करार केला की तो बंद.

मधला मार्ग नऊ सामन्यांचा. अठरा वर्षांच्या मुलानं एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळले तर त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या कराराचं एकही वर्ष खर्ची पडत नाही. म्हणून नऊ खेळवून बघतात आणि दहाव्याच्या आधी ठरवतात.

बीन्टाऊन_बापट
नाव वाचून आधी आणीबाणीतला मिसा कायदाच आठवला. असो.

सुनंदाताई, जरा सबुरीनं. खास परवानगीवाल्यांत शॉन डे पण होता, तो ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत गेला. शेन राइट २०२२ला पहिला जाणार म्हणून गाजला आणि चौथा गेला. त्या वर्षी त्याला सिएटलनं आठ सामने खेळवलं, थोडे दिवस त्यांच्या दुय्यम संघात, कोचेला व्हॅलीला (सरावापुरतं तेवढं चालतं), मग ज्युनियर वर्ल्ड ही तरुणांची जागतिक स्पर्धा, मग ओएचएलला परत. बॅग उघडायलाही वेळ नाही. आता कुठं तो स्थिरावलाय. मुलगा कच्चा असतो असं नाही, संघच त्याचं काय करायचं ते ठरवत नाही.

शिवाय तुमचं दुखणं गोल मारण्याचं नाही, खाण्याचं आहे. सेंटर किती गोळा करणार? सेलेब्रिनीला आम्ही इथं बोस्टन युनिव्हर्सिटीत बघितलंय, ३८ सामन्यांत ६४ पॉइंट्स, सतराव्या वर्षी होबी बेकर, कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. तोही तुम्हाला तळातून काढू शकला नाही. आणि आमच्या बोस्टन संघाचा मोठा खेळाडू जो थॉर्नटन तुम्ही २००५ला घेऊन गेलात, त्याचा हिशेब अजून बाकी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
माफ करा, अडाणी प्रश्न. शेवटच्या नंबराला बक्षीस? आयपीएलसारखा लिलाव करा ना, ज्याच्याकडं पैसे त्याचा पोरगा.

सुनंदा_सनीव्हेल
@वऱ्हाडी_ठेचा, इथं पोरांवर बोलीच लागत नाही. संघ ओळीनं नावं घेतात, हरणारे आधी. नवख्यांच्या पगारालाही वरची मर्यादा ठरलेली. मुद्दाम हरून नंबर मिळवू नये म्हणून प्लेऑफला न पोचलेल्या सोळा संघांत लॉटरी. आम्ही शेवटचे असूनही पहिल्या नंबराची शक्यता २५.५ टक्केच होती.

@बापट, थॉर्नटनबद्दल आभारच मानते. सेलेब्रिनीला पहिल्या वर्षी त्यानंच आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. डिफेन्सचं म्हणाल तर बरोबर आहे, आमचा तरुण डिफेन्समन सॅम डिकिन्सन तयार होईपर्यंत आम्ही मार खाणारच. पण शेन राइटची भीती मला नाही. विल स्मिथला गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मधेमधे मुद्दाम विश्रांती दिली, तेव्हा मी इथं बोटं मोडत होते. मोसमाच्या उत्तरार्धात तोच पोरगा सुटला. त्यामुळं पोरं जपायची यांना अक्कल आहे एवढं मी मानते. माझं मत: मिसाला इथंच ठेवा, सुरुवातीला विंगवर, म्हणजे कडेला खेळवा, फेस-ऑफचा (चकती टाकून खेळ सुरू करतानाची झटापट) भार सेलेब्रिनीकडं. १३४ पॉइंट्स केलेल्या मुलाला सॅगिनॉत अजून काय शिकवणार? तिथं आता त्याला अडवणारंच कुणी नाही.

@मिसिसागाकर, नऊनंतर परत पाठवलाच, तर तुमच्याकडं बघायला मिळेल का? डिसेंबरात बहिणीकडं टोरांटोला यायचंय.

मिसिसागाकर
मिसिसागाचा ओएचएल संघ २०२४ला ब्रॅम्प्टनला हलला, तिथं सॅगिनॉचा सामना असला तर बघू. रिंक छोटं आहे, काचेला लागून तिकीट मिळतं. वेळापत्रक आलं की इथंच टाकतो. बहीण ब्रॅम्प्टनच्या बाजूला असेल तर बरं, नाही तर चारशे दहा हायवेवर संध्याकाळी अडकाल.